मोरबाचे मैल

नीरेच्या काठाला, शिरवळच्या जरा खालच्या अंगाला, एका मठात एक गोसावी राहत होता, त्याचं नाव शामगीर. आणि शिरवळ गावात राहत होती द्वारकाबाई पवळे. तिला दोन लेकरं, थोरला मोरेश्वर आणि धाकटी कुमुद. कुमुद पुण्याला नोकरीला होती, तिथं तिला दीपेन गोगोई नावाचा आसामी मुलगा भेटला. माणूस सोन्यासारखा. लग्न झालं आणि लेक गेली पार गुवाहाटीला. मोरेश्वर राहिला आईपाशी. राहिला म्हणायचं एवढंच, कारण त्याचे पाय जमिनीला कमी लागायचे आणि विमानाला जास्त.

"बाबा, ह्या मैलांचं करू तरी काय?"

एका सोमवारी मठात येऊन बसता बसता मोरेश्वरानं हेच विचारलं. नमस्कारसुद्धा नंतर केला.

शामगीरबाबा चुलीपुढं बसून हंड्यातली आंबील ढवळत होते. त्यांनी वर बघितलं नाही.

"कसले मैल?"

"विमानाचे."

"बरं…" म्हणाले, आणि ढवळत राहिले.

आता हे मैल म्हणजे काय, ते आधी सांगायला हवं. पूर्वी चहाच्या पुड्यात कुपन यायचं. बायका ती कुपनं डब्यात टाकून ठेवायच्या, आणि पुरेशी झाली की दुकानदार स्टीलची वाटी द्यायचा. विमानाचंही तसंच आहे. जेवढं लांब जाल तेवढे मैल कंपनी तुमच्या नावावर टाकते. मैल साठले की त्यांच्यावर फुकट तिकीट मिळतं. आणि जो फारच फिरतो त्याला वर एक कार्ड देतात. आधी रुपेरी, मग सोनेरी. सोनेरी कार्डवाल्याला रांग नाही. त्याला निराळ्या खोलीत बसवतात, खायला-प्यायला देतात, आणि विमानाच्या दारातली पोरगी नाव घेऊन या म्हणते.

मोरेश्वराकडं सोनेरी होतं.

तो पंपांच्या कारखान्यात होता. कुठं पंप बसवायचे असले, कुठं बिघडले, की हा निघाला. तिकीट कारखान्याचं, मैल ह्याचे. त्याची बायको शैला म्हणायची, ह्यांनी लग्नाचा फोटो ठेवलाय माळ्यावर आणि ते कार्ड ठेवलंय खिशात, काळजाला लावून. मोरेश्वर हसायचा. त्याला ते बोलणं आवडायचंच.

पण एक खरं सांगायचं तर मैल तो स्वतःसाठी साठवत नव्हता. आईसाठी साठवत होता.

झालं होतं असं, की कुमुदला मुलगी झाली, मैना तिचं नाव, आणि द्वारकाबाईंनी नातीला अजून डोळ्यांनी बघितलेलंच नव्हतं. कुमुदची सासू अंथरुणाला खिळलेली, तिला टाकून लेकीला येता येईना. इकडं द्वारकाबाईंच्या डोळ्यांपुढं धुकं यायला लागलेलं. गावात डोळ्यांचं शिबिर आलं होतं, तिथल्या डॉक्टरानं घाईघाईत बघून सांगितलं, काचबिंदू वाटतोय, पुण्याला मोठ्या दवाखान्यात दाखवा. मोरेश्वर म्हणाला, एवढी फेरी झाली की दाखवू. फेऱ्या काही संपेनात. म्हातारी आता भिंत धरून मोरीपर्यंत जायची. मीठ कुठलं आणि साखर कुठली, ते जिभेला लावून ओळखायची. फोनवर नात दिसायची ती सगळी ढगासारखी.

एकदाच म्हणाली होती ती, "मोरू, आहे तेवढी नजर आहे तोवर कुमीच्या पोरीचं तोंड बघू दे रे."

मोरेश्वर म्हणाला, नेतो की आई, थोडेच मैल कमी आहेत.

कमी का, तर त्याच्या मनात एक बसलं होतं. आई पहिल्यांदा विमानात बसणार, ती मागं गुडघे आखडून नाही बसायची. ती पुढं बसणार, जिथं खुर्चीची खाट होते आणि काचेच्या पेल्यात सरबत येतं. पुढच्या खुर्चीला मैल फार लागतात. साठत आले की कंपनी भाव वाढवायची. नाहीतर ह्यालाच वाटायचं, अजून थोडे झाले की शैलालाही पुढंच बसवू. असं करत करत पोरगी चालायला लागली, बोलायला लागली. बोलायची ती आसामीत. आजीला ते कळायचं नाही, तरी आजी फोन कानाला लावून बसायची.

आणि आता कंपनीनं कळवलं होतं, की नव्या वर्षापासून त्याच खुर्चीला दुप्पट मैल लागतील. नवं वर्ष लागायच्या आतल्या तारखांना पुढच्या खुर्च्या बघाव्यात तर सगळ्या गेलेल्या.

म्हणून मोरेश्वर मठात आला होता. आईला दर सोमवारी मठात यायचंच असायचं, आज तो स्वतः हात धरून घेऊन आला. शेजारी चार-दोन गावकरी बसले होते.

त्यानं बाबांना सगळं सांगितलं, आणि वर म्हणाला, "आईचं तर ह्या साली बसत नाही. मैल तसेच ठेवले तर निम्म्याच भावाचे होणार. त्यापेक्षा म्हटलं पुण्य तरी लागू दे. बाबा, तुम्हाला काशीला पाठवतो. विमानानं."

"किती वेळात पोचतं ते?"

"दोन-अडीच तासांत."

बाबांनी पळी हंड्याच्या काठावर आपटली.

"एवढ्या लवकर पोचून करू काय मी?"

बसलेली माणसं हसली. मोरेश्वरही हसला, पण त्याला ते लागलं. एवढं मोठं दान पुढं केलेलं, आणि गोसाव्यानं ते असं बाजूला सारलं, दारातली चप्पल सारावी तसं.

"आधी आंबील घ्या," बाबा म्हणाले.

त्या मठाची एक रीत होती. सोमवारी जो येईल त्याला आंबील मिळायची. पण वाटी नाही, पेला नाही. ओंजळ धरायची, बाबा पळीनं ओतायचे, आणि तिथंच बसून प्यायची. घरी न्यायची नाही. कुणासाठी मागून घ्यायची नाही. ज्याला हवी त्यानं यावं. मठाचा मूळपुरुष नदी उतरून आला तेव्हा त्याच्याजवळ एक भांडंसुद्धा नव्हतं, त्याची ती आठवण म्हणायचे.

द्वारकाबाईंनी ओंजळ पुढं केली. कोमट आंबील हाताला लागली तशी तिनं मान खाली घालून एका दमात पिऊन टाकली, ओठ पदराला पुसले आणि म्हणाली, म्हाराज, आज जिरं चांगलं पडलंय.

मग मोरेश्वरानं ओंजळ धरली. बाबांनी काठोकाठ भरली. तो तोंडाला लावणार, तेवढ्यात बाबांनी विचारलं,

"मोरबा, हे मैल साठतात कसे, ते जरा नीट सांग बघू. मला कळत नाही त्यातलं."

आता मोरेश्वराला असं कुणी विचारलं म्हणजे झालंच. घरी कोण ऐकणार होतं? त्यानं सांगायला सुरुवात केली. कुठल्या वाटेला मैल जास्त आणि कुठल्या वाटेला कमी. दिवाळीच्या आसपास कंपनी कशी दुप्पट देते. हॉटेलात राहिलं तरी मिळतात, ठरावीक पंपावर पेट्रोल भरलं तरी मिळतात. बघा, साधी माणसं ह्याच वाटेनं फिरतात आणि हात हलवत घरी येतात. बसलेल्यांतला एक जण खाली मान घालून गालात हसला. मोरेश्वराला वाटलं, तो कौतुकानंच हसतोय.

"आणि वापरायचे कधी?" बाबांनी विचारलं.

"तीच तर कला आहे, बाबा. घाई केली की नुकसान. योग्य वेळ येऊ द्यायची असते. माणसं चार मैल साठले की लगेच उडवतात, आणि मग…"

"कशी लागली?"

"काय?"

"आंबील."

मोरेश्वरानं खाली बघितलं. ओंजळ तशीच धरलेली, नीट, बोटाला बोट लावून. आत काही नव्हतं. तळवे ओले आणि चिकट झालेले. मठाचं मांजर त्याच्या गुडघ्याशी येऊन सारवलेली जमीन सावकाश चाटत होतं.

कुणी हसलं नाही आता.

"बाबा, अजून थोडी वाढा," तो म्हणाला.

"संपली."

हंडा अर्धा भरलेला होता. तो सगळ्यांना दिसत होता. मोरेश्वरालाही दिसत होता…

त्यानं हात धोतराला पुसावे तसे पँटला पुसले. एवढं झाल्यावर शहाण्यानं उठून जावं. पण माणसाचा मान दुखावला की तो उठत नाही, अजून बोलतो. मोरेश्वर म्हणाला, बाबा, तुम्हाला ही गंमत वाटते, पण हे मैल मी किती कष्टानं मिळवलेत ते तुम्हाला ठाऊक नाही. उपाशी राहिलो, विमानतळावर बाकावर बसून डुलक्या काढल्या. मागच्या वर्षअखेरीला सोनेरी कार्ड हातचं जायची वेळ आली होती. थोडक्यासाठी. कारखान्याची फेरी एकही उरली नव्हती. तर मी काय केलं, स्वतःच्या पैशानं सगळ्यात लांबचं तिकीट काढलं. गेलो, तिथल्या त्यांच्या खोलीत कॉफी प्यालो, आणि तेच विमान फिरून निघालं त्यात बसून परत आलो. कार्ड राहिलं. जाणती माणसं असंच करतात.

"काम नव्हतं तिथं?"

"कामच नव्हतं. फक्त जायचं आणि यायचं."

"कुठं गेला होतास?"

मोरेश्वरानं एकदा आईकडं बघितलं.

"लांब," तो म्हणाला.

"लांब म्हणजे कुठं, मोरबा?"

चुलीत एक लाकूड कलंडलं. बाबांनी ते आत सारलं नाही. वाट बघत बसले.

"…गुवाहाटीला."

द्वारकाबाई भिंतीला टेकून बसली होती. तिनं मान वळवली, जिकडून लेकाचा आवाज आला तिकडं. बसलेली माणसं आपापल्या पायांकडं बघायला लागली. ज्यानं त्यानं मनात म्हटलं असेल, आता म्हातारी विचारणार, बहिणीच्या दाराशी जाऊन आलास आणि तिला भेटला नाहीस? माझा निरोप नाही, माझ्या हातचा लाडू नाही, काही नाही?

तिनं त्यातलं काही विचारलं नाही.

"तिथं थंडी होती का रे, मोरू?" ती म्हणाली.

मोरेश्वरानं हात पुन्हा पँटला पुसले.

"माहीत नाही, आई… मी बाहेर पडलोच नाही."

"बरं…"

एवढंच म्हणून ती पदराचं टोक चाचपत राहिली, जसं काही तिथं काहीतरी बांधून ठेवलं होतं आणि ते आता सापडत नव्हतं.

बाबांनी हंड्यावर झाकण ठेवलं.

"जा आता," ते म्हणाले. "आईला धरून ने. उंबरा उंच आहे."

वाटेनं मोरेश्वरानं आईचा हात धरला होता. तो हात केवढासा झालाय, हे त्याला त्या दिवशी कळलं.

घरी आल्यावर तो कॉम्प्युटरपुढं बसला. शैलानं चहा आणून ठेवला, तो निवला. पुढच्या खुर्च्या फाल्गुनाशिवाय नव्हत्या. मागच्या होत्या, ह्याच शुक्रवारच्या, वाटेत कोलकात्याला उतरून दुसऱ्या विमानात बसायचं होतं. मैल त्याला भरपूर पुरत होते. पुरत होते म्हणजे काय, तीन-चार वर्षांमागंच पुरले असते. हे त्याला ठाऊक नव्हतं असं नाही. पण माहीत असणं वेगळं आणि समोर लिहून आलेलं बघणं वेगळं.

तो उठून आईपाशी गेला. म्हणाला, आई, शुक्रवारी जायचं का? पण मागं बसावं लागेल. पुढं जागा नाही.

म्हातारी तांदूळ चाचपून निवडत होती. हात न थांबवता म्हणाली, "विमानाचा पुढचा भाग आधी पोचतो का रे?"

"नाही, आई. एकदमच पोचतं."

"मग पुढं बसून काय करतात माणसं?"

शैला स्वयंपाकघरातून म्हणाली, "सरबत पितात, आत्या."

मोरेश्वराला हसू आलं आणि डोळ्यांत पाणीही आलं. त्यानं जाऊन तिकिटं काढली. तिघांची.

शुक्रवारी द्वारकाबाई नऊवारी नेसून, वरून शैलाचा स्वेटर घालून, खिडकीशी बसली. मोरेश्वर आजवर कायम वाटेकडच्या खुर्चीत बसायचा, लवकर उतरता यावं म्हणून. आज मधल्या खुर्चीत बसला. विमान वर गेलं तशी म्हातारी म्हणाली, मोरू, मला नुसतं पांढरं दिसतंय, तू बघ आणि मला सांग.

इतकी वर्षं विमानातून हिंडलेला माणूस, पण खिडकीतून त्यानं कधी नीट बघितलं नव्हतं. तो आईच्या खांद्यावरून वाकून बघायला लागला आणि सांगायला लागला. ढग कसे आहेत ते, खालची शेतं ते. नदी आली म्हणून सांगितलं. ही कुठली, तर त्याला ठाऊक नाही. मग गुवाहाटी जवळ आली आणि ब्रह्मपुत्रा दिसली. किती रुंद, म्हातारीनं विचारलं. मोरेश्वर म्हणाला, आपली नीरा पुराची असते ना, तशा पाच-पन्नास नीरा शेजारी शेजारी वाळत घातल्यासारख्या.

"अगं बाई," म्हातारी म्हणाली, आणि काच हातानं चाचपली.

कुमुद विमानतळाच्या दाराबाहेर उभी होती. आईला बघून ती पुढं झाली नाही, जागेवरच उभी राहिली. मग म्हातारीच पुढं गेली, शैलाच्या हाताला धरून. कुमुदचं तोंड तिनं दोन्ही हातांत घेतलं. नातीचं घेतलं. कपाळ, नाक, हनुवटी, सगळं बोटांनी बघितलं. मैनाला गुदगुल्या झाल्या, ती खिदळली. मोरेश्वर सामानाची गाडी धरून लांब उभा होता. हवेत चांगलाच गारठा होता. तेव्हा त्याला कळलं, की इथं थंडी असते.

दुसऱ्या दिवशी सकाळी कुमुद आईला अंगणात उन्हात बसवून डोक्याला तेल लावत होती. लावता लावता तिनं आईची हनुवटी वर केली, माहेरची बाई करते तशी, नुसतं तोंड बघायला. आणि बघत राहिली.

"दादा, इकडं ये."

मोरेश्वर गेला.

"हे बघ. आईच्या बुबुळात बघ. उन्हाकडं तोंड करते तिचं, बघ आता."

मोरेश्वरानं बघितलं. काळ्या बुबुळाच्या मधोमध भिजलेल्या साबुदाण्यासारखं पांढरं काहीतरी होतं. दोन्हीकडं.

"सासूबाईंचं असंच होतं," कुमुद म्हणाली. "मोतीबिंदू आहे हा. काचबिंदू कुणी सांगितला तुम्हाला?"

मोरेश्वरानं शिबिराचं सांगितलं. मग पुण्याला कुणाला दाखवलं, असं तिनं विचारलं. सांगण्यासारखं काही नव्हतं.

सासूचे डोळे ज्या डॉक्टरांनी केले होते त्यांच्याकडंच कुमुदनं आईला नेलं. त्यांनी दिवा लावून, औषध घालून, पुन्हा पुन्हा बघितलं. म्हणाले, काचबिंदूचं नाव नाही. मोती आहे, तोही पिकून गेलेला. काढला की दिसेल. आणि मग त्यांनी सहज विचारावं तसं विचारलं, की एवढं पांढरं झालं तोवर घरात ह्यांच्या डोळ्यांकडं कुणाचं लक्ष गेलं नाही का?

कुमुदनं आईचा पदर सारखा केला.

"नाही गेलं," मोरेश्वर म्हणाला.

एक डोळा आधी केला. पट्टी सोडायच्या दिवशी सगळी जमली. दीपेननंही रजा काढली होती. डॉक्टरांनी पट्टी काढली, म्हातारीनं डोळा मिचकावला, पाणी गळालं, पुन्हा उघडला. सगळ्यात पुढं मैना उभी होती, तोंडात बोट घालून.

म्हातारीनं तिला वरपासून खालपर्यंत बघितलं. घाई केली नाही.

"नाक गोगोयांचं आहे," ती म्हणाली. "पण उभी कशी राहते बघा. हुबेहूब आमच्या सासूबाई."

कुमुद हसायला लागली आणि रडायलाही. मैनाला यातलं एक अक्षर कळलं नाही, पण सगळी हसली म्हणून ती आजीच्या मांडीवर जाऊन बसली.

मग म्हातारीची नजर वर आली आणि लेकावर थांबली. बराच वेळ थांबली.

"मोरू," ती म्हणाली, "तुझे केस कधी पिकले रे?"

मोरेश्वर आईच्या पायाशी खाली बसला.

तो आणि शैला परत आली, पण म्हातारी राहिली. दुसरा डोळा व्हायचा होता. ती लेकीकडं दोन-अडीच महिने राहिली, विहिणीच्या उशाशी बसून तिच्याशी मराठीत बोलायची, विहीण आसामीत बोलायची, आणि दोघींचं छान चालायचं म्हणे. मैना मराठीत भांडायला शिकली. पौष गेला, माघ गेला, मग मोरेश्वर जाऊन आईला घेऊन आला, उरले होते त्या मैलांवर. पूर्वीच्या दुप्पट लागले. त्यानं मोजले नाहीत. सोनेरी कार्ड तर त्याआधीच, वर्षअखेरीला गेलं होतं. कंपनीचा निरोप आला होता, अजून एक लांबची फेरी केलीत तर राहील. तो निरोप त्यानं शैलाला वाचून दाखवला, आणि दोघं मंडईत गेली.

आता उन्हाळ्यात कुमुद, दीपेन आणि पोरगी महिनाभर शिरवळला यायची होती. दीपेनच्या बहिणीनं आईला सांभाळायचं कबूल केलं होतं. सगळी माणसं एका छपराखाली, असं द्वारकाबाईंच्या घरात किती वर्षांनी घडणार होतं. शैलानं गाद्या उन्हात टाकल्या होत्या.

आणि अशा वेळी एका सोमवारी मोरेश्वर पुन्हा मठात आला. आईबरोबरच निघाला होता, पण ती वाटेत कुणाकुणाशी बोलत, ह्याचं दार त्याचं अंगण बघत येत होती, म्हणून तो पुढं झाला.

शामगीरबाबा ओट्यावर पावट्याच्या शेंगा सोलत बसले होते.

मोरेश्वरानं ह्या खेपेला आधी नमस्कार केला. मग शेजारी बसला आणि दोन शेंगा स्वतःही घेतल्या. थोड्या वेळानं त्यानं सगळं सांगितलं. डोळ्यांचं, पोरीचं, उन्हाळ्यात सगळी येणार त्याचं. बाबा ऐकत होते. दाणे टोपलीत पडत होते.

"मैल संपले, बाबा," शेवटी तो म्हणाला. "कार्डही गेलं. आता दारातली पोरगी नावानं हाक मारत नाही. त्याचं काही वाटत नाही, खोटं कशाला सांगू, थोडं वाटतं. पण एक मला अजून उमगलं नाही. एवढी वर्षं मी ते साठवले. त्यांची खरी किंमत होती तरी किती?"

बाबांनी हातातली शेंग सोलून संपवली. टरफल बाजूला टाकलं.

तेवढ्यात द्वारकाबाई मठाच्या आवारात आली. दोघांकडं बघून तिनं मान हलवली, पण थांबली नाही. कुणाचा हात न धरता ती तशीच पुढं गेली, चिंचेखालून, बांधावरून, नदीच्या वाळूकडं. मधेच वाकून तिनं काहीतरी उचललं, उन्हात धरून बघितलं, टाकून दिलं आणि पुन्हा चालायला लागली.

मोरेश्वर अर्धवट उठला. बाबांनी त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला.

बराच वेळ दोघं तिकडं बघत राहिले…

"म्हातारी बघ," बाबा म्हणाले, "किती लांब गेली."